'कान' म्हणजे कान

रोश हशाना, म्हणजे कोकणातली जुनी माणसे ज्याला नव्याचा सण म्हणत तो सण, जवळ आला की आजीच्या स्वयंपाकघरात गहू भिजत पडत. चिकाचा हलवा आता पुष्कळ घरांत कॉर्नफ्लॉवरवर भागवतात. आजी मात्र अलिबागकडून इस्राएलला आली तेव्हा आपल्या आईची रीत बरोबर घेऊन आली होती. भिजलेले गहू वाटायचे, फडक्यातून चीक पिळून घ्यायचा, त्यात नारळाचे दूध आणि साखर घालायची आणि खांदा भरून येईपर्यंत ढवळत राहायचे.

नात दहा वर्षांची असताना एकदा तिने हट्टाने कलथा हातात घेतला. हलवा घट्ट होऊ लागला की त्याचे बुडबुडे फुटतात आणि उडतात. त्यातला एक थेंब तिच्या मनगटावर उडाला. कलथा पातेल्यात पडला, हात झटक्यात मागे आला आणि मग ती ओरडली. आजीने तिचा हात नळाखाली धरला आणि म्हणाली, "बघितलंस ना बाय, हात आधी पळाला. हाताला डोक्याची वाट बघायला वेळ नसतो."

नातीला त्यातले काही कळले नाही. नातवंडांशी आजी हिब्रूच बोलत असे. मराठी तिच्या तोंडी येई ती घाईत, रागात आणि मायेत. नातीच्या बाबांनी हसून अर्थ सांगितला.

आजी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पण ती बोलली ते अक्षरशः खरे होते. कातडीत मज्जातंतूंची बारीक टोके असतात. त्यांतली काही इजेची बातमी देण्यासाठीच असतात. उष्णता सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर गेली की ती जागी होतात. ही बातमी हाताच्या मज्जातंतूतून मानेच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूत शिरते. तिथे एक फाटा आहे. बातमी वर मेंदूकडे निघते, पण त्याच वेळी त्या फाट्यावरून दंडाच्या स्नायूंना हुकूम सुटतो आणि हात मागे ओढला जातो. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मेंदूला चटका कळतो तेव्हा हात हललेला असतो.

चटका दोनदा लागल्यासारखा वाटतो त्यालाही कारण आहे. काही मज्जातंतूंवर मेदाचे पातळ वेष्टण असते. त्यांतून वेदनेची बातमी सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जाते; तो पहिला टोचल्यासारखा चटका. वेष्टण नसलेल्या तंतूंतून तीच बातमी सेकंदाला साधारण एक मीटरच सरकते. ती मागाहून येणारी आग. ज्या तंतूंवर जाड वेष्टण असते, उदाहरणार्थ स्नायूंना हुकूम नेणाऱ्या, त्यांचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही वर जाऊ शकतो.

ही बातमी म्हणजे नक्की काय? मज्जापेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. बातमी आली की पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात, पाठोपाठ पोटॅशियमचे कण बाहेर पडतात. ही उघडझाप तंतूवरून पुढे पुढे सरकत जाते. पण तंतू कुठेतरी संपतो. पुढची पेशी तिथून सुरू होते, आणि दोघींच्या मध्ये फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी, तरी फटच. तिथे काय होते हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षे कळत नव्हते.

ते दाखवून दिले ऑटो लोवी या ज्यू शास्त्रज्ञाने. लोवी जर्मनीत फ्रँकफुर्टला १८७३ साली जन्मले आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या विद्यापीठात शिकवत. त्यांनीच सांगितलेली गोष्ट अशी, की एका रात्री झोपेत त्यांना एक प्रयोग सुचला. त्यांनी उठून कागदावर चार शब्द खरडले आणि परत झोपले. सकाळी आपलेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा ते सरळ प्रयोगशाळेत गेले. त्यांनी बेडकांची दोन धडधडती हृदये घेतली. एकाचा वेग मंद करणारा मज्जातंतू विजेने चेतवला, आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला. दुसऱ्या हृदयाला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे तंतूच्या टोकातून काहीतरी रसायन बाहेर पडत होते. १९२१ साली हे प्रसिद्ध झाले आणि १९३६ साली हेन्री डेल यांच्याबरोबर लोवींना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतला, लोवींना तुरुंगात टाकले, आणि पारितोषिकाची रक्कम उकळून मगच देश सोडू दिला.

तर मज्जासंस्थेचे काम असे चालते. तंतूच्या लांबीवर विद्युत, फटीवर रसायन. पलीकडच्या पेशीवर ते रसायन ओळखून धरणारी जागा असावी लागते. ती नसेल तर बातमी कितीही लांबून, कितीही वेगाने आलेली असो, तिथे संपते.

नात सातवीत गेली तेव्हा शाळेने 'शोराशिम'चा प्रकल्प दिला. घराण्याची मुळे शोधायची, वंशवृक्ष काढायचा, आजी-आजोबांना प्रश्न विचारायचे. त्यासाठी ती मराठीच्या वर्गाला येऊ लागली. प्रकल्प संपला की वर्ग सोडायचा हे तिने आधीच ठरवले होते. पहिला धडा शरीराच्या अवयवांचा होता. बाईंनी कानाला हात लावून "कान" म्हटले आणि वर्गात हशा पिकला, कारण हिब्रूत 'कान' म्हणजे 'इथे'. मग 'मी' आला. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. "मी कोण?" असे बाईंनी विचारले तेव्हा तर मुले बाकांवरून पडायची बाकी राहिली. 'ही' हा शब्द मात्र गंमतीचा निघाला. मराठीत एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'ही' म्हणावे, तर हिब्रूतही त्याचा अर्थ 'ती' असाच होतो.

पेसाह होऊन गेल्यावर एका सकाळी आजी घरात एकटी बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती. तिला काही वर्षांपासून ऐकू कमी येई. घरात एकटी असली की ती कानातले यंत्र काढून डबीत ठेवी. आठ वाजता खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी तिचे जिन्यात बोलणे झाले होते. नऊच्या सुमारास नातीचे बाबा आले. आजीच्या उजव्या हातातून वाल सांडत होते. बाबांना वाटले, हाताला मुंग्या आल्या असतील. त्यांनी चहा केला. चहाचा घोट तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळला, तेव्हा ते घाबरले. "इमा, काय होतंय?" असे त्यांनी हिब्रूत विचारले. आजीने तोंड उघडले, पण शब्द आला नाही. त्यांनी १०१ फिरवला.

चहा करण्यात गेलेली ती दहा मिनिटे बाबा अजून विसरलेले नाहीत. माणूस मोठा असो की लहान, तोंडाची एक बाजू उतरली, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळले, तर चहा करायचा नाही, झोपवायचे नाही, थोडे थांबून बघू म्हणायचे नाही. १०१ ला फोन करायचा. आणि माणूस शेवटचे ठीक केव्हा होते ती वेळ लक्षात ठेवायची. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि वेळ माहीत नसेल तर डॉक्टरांचे हात बांधले जातात. इथे शेजारणीमुळे वेळ माहीत होती. औषध मिळाले.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो, आणि त्याच्याकडे साठवणीचे कोठार नाही. त्यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा अंदाज आहे. आजीच्या मेंदूच्या डाव्या बाजूची वाहिनी तुंबली होती. मेंदूतून निघणारे बहुतेक हुकूमतंतू मान सुरू होते तिथे एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात पडतो.

आणि बहुतेक माणसांची वाचा डाव्या मेंदूतच असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे एक रुग्ण होता. त्याला बोललेले बरेचसे समजे, पण काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून 'तां' एवढेच निघे. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी दुसऱ्या तऱ्हेचे रुग्ण दाखवले. ते भराभर बोलत, पण त्यात अर्थ नसे आणि त्यांना दुसऱ्याचे बोलणेही नीट समजत नसे. त्यांची इजा डावीकडेच, पण मागे होती. दोन्हींना मराठीत वाचाघात म्हणतात. पण ज्याला समजते आणि बोलता येत नाही तो, आणि ज्याला समजतच नाही तो, यांच्यावरचे उपचार वेगळे असतात. म्हणून रुग्णाला किती समजते हे आधी नीट तपासावे लागते.

रुग्णालयाच्या कागदावर भाषेच्या रकान्यात बाबांनीच 'हिब्रू' लिहिले होते. त्यात त्यांचे काही चुकले असे कोणाला वाटले नाही. आजीने कापडाच्या गिरणीत वर्षानुवर्षे हिब्रूत काम केले होते, बाजारात हिब्रूत घासाघीस केली होती. दुसऱ्या दिवशी तिला हिब्रूत सांगण्यात आले: डोळे मिटा, डावा हात वर करा, दोन बोटे दाखवा. तिने एकदा डोळे मिटले, पुढचे काही केले नाही, आणि नुसती बघत राहिली. कागदावर नोंद झाली की बोलता येत नाही आणि समजतही फार थोडे.

तिला दोनच शब्द येत होते. ती डाव्या हाताने छाती दाखवून "मी… मी…" म्हणे. परिचारिका प्रेमाने सांगे, मी तुमची परिचारिका. आजी मान हलवी आणि पुन्हा "मी…" म्हणे. आपण कोणाच्या समोर आहोत हे तिला कळत नाही, असे सगळ्यांना वाटले. मग ती "कान… कान…" म्हणे. बाबाही जवळच असत. ते विचारत, "इथे? इथे म्हणजे कुठे दुखतंय?" कोणी उशी सरकवी, कोणी सलाईनची सुई तपाशी, कोणी पोट दाबून बघे. आजीच्या डोळ्यांतून पाणी येई. कुणाचाही दोष नव्हता. त्यांनी ऐकलेली हिब्रू अगदी शुद्ध होती. बाबांना मराठी समजे, पण चाळीस वर्षे आई त्यांच्याशी हिब्रू बोलत आली होती. तिच्याकडून हिब्रूच येणार अशी त्यांच्या मेंदूला सवय झाली होती.

तिसऱ्या दिवशी नातीला आत सोडले. आजी तिच्याकडे बघून म्हणाली, "कान." नात पलंगाशी उभी राहिली. तिने आपला कान धरून दाखवला, वर्गात बाई दाखवत तसा, आणि विचारले, "कान?"

आजीने डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

यंत्र घरी डबीतच राहिले होते. तीन दिवस तिच्याशी जे जे बोलले गेले ते तिला धड ऐकूच आले नव्हते. बाबा घरी जाऊन डबी घेऊन आले. त्याच संध्याकाळी पुन्हा तपासणी झाली, आधी हिब्रूत आणि मग बाबांच्या तोंडून मराठीत. आजीने डावा हात वर केला, दोन बोटे दाखवली, खिडकीकडे बघा म्हटल्यावर खिडकीकडे बघितले. डॉक्टरांनी नोंद बदलली आणि भाषेच्या रकान्यात मराठी लिहून घेतले. 'मी… मी…' हे 'कोण' नव्हते. मी इथे आहे, मला कळते आहे, एवढेच ती सांगत होती.

दोन भाषा बोलणाऱ्याला वाचाघात झाला तर कोणती भाषा आधी परत येते? तेओद्यूल रिबो या फ्रेंच विद्वानाने म्हटले होते की जुने सर्वांत उशिरा पुसले जाते. म्हणजे पहिली भाषा टिकावी. अल्बेर पित्र या डॉक्टरांनी १८९५ साली म्हटले की जी भाषा रुग्णाच्या जास्त सवयीची असते ती आधी येते. पुढच्या निरीक्षणांत दिसून आले की पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही भाषा बरोबरच सुधारतात आणि काहींच्या बाबतीत एक पुढे जाते. म्हणजे मायबोली आपोआप वाचते असा काही नियम नाही. आजीच्या बाबतीत मराठी आठवडाभर आधी आली, आणि हिब्रू तिच्या मागून.

पुनर्वसनाच्या विभागात, ज्याला इथे शिकुम म्हणतात, वाचातज्ज्ञ बाईंनी घरच्यांकडे रोजच्या वस्तूंची मराठी नावे मागितली. बाबा लिहायला बसले आणि अडले. त्यांना बोललेले समजे, पण देवनागरी येत नव्हती. नातीने आपली वर्गाची वही दिली. अवयव, भांडी, फळे, नाती. चित्रे तिनेच काढलेली होती. त्या वहीवर आजी पुन्हा बोलायला शिकली. बशी, चमचा, पाणी, पाय.

मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. पण शेजारच्या पेशी नवे जोड तयार करतात, आणि जो जोड पुन्हा पुन्हा वापरला जातो तो बळकट होतो. न वापरलेला सैल पडतो. म्हणून एकच शब्द दिवसातून पन्नास वेळा म्हणावा लागतो. वर्गात पाढ्यासारखे शब्द घोकणाऱ्या नातीच्या डोक्यात जे चालले होते, तेच आजीच्या डोक्यात चालले होते. एकीला ती वाट पहिल्यांदाच पाडायची होती, दुसरीला पडलेली वाट दरडीखालून काढायची होती.

आजी घरी आल्यावर नवस फेडायला मलिदा ठेवला. पोहे, गूळ, खोबरे, फळे सगळे ताटात सजले. आजीला तेव्हा "मीठ दे" एवढे दोन शब्दही जोडता येत नव्हते. पण सगळ्यांनी एलियाहू हन्नाबीचे गाणे सुरू केले आणि आजी गाऊ लागली. सगळी कडवी, एकही शब्द न गाळता. बायका रडू लागल्या. आजी बरी झाली असे त्यांना वाटले. गाणे संपल्यावर तिने पाणी मागायचा प्रयत्न केला, आणि शब्द पुन्हा अडला. हेही मज्जासंस्थेचेच काम आहे. गाण्यात आणि तोंडपाठ प्रार्थनेत मेंदूच्या उजव्या बाजूचीही मदत होते असे मानतात, म्हणून वाचा गेलेली कितीतरी माणसे गातात, शेमा म्हणतात, एक ते दहा मोजतात. नवे वाक्य जुळवणे हे वेगळे काम आहे, आणि ते डावीकडचे आहे. पण वाचातज्ज्ञ बाईंनी ते गाणे सोडले नाही. त्याच चालीवर त्यांनी "पाणी दे", "मला भूक लागली" अशी वाक्ये बसवली, आणि काही महिन्यांनी चाल गळून पडली, वाक्ये उरली.

नातीचा प्रकल्प शाळेत जमा होऊन गेला होता. वर्ग तिने सोडला नाही.

पुढच्या रोश हशानाला गहू भिजले. आजीचा उजवा हात परत आला नव्हता. ती खुर्चीत बसून डाव्या हाताने खुणा करीत होती आणि नात ढवळत होती. "मंद," आजी म्हणे. थोड्या वेळाने, "तळ. तळ." मग नात कलथा तळापर्यंत नेई. एक थेंब उडाला. हात मागे आला, पण या वेळी कलथा सुटला नाही. नात आजीकडे बघून म्हणाली, "हात आधी पळाला." आजी हसली, तोंडाच्या एका बाजूने.

संध्याकाळी पाहुणे आले. हलव्याची वडी तोंडात टाकून कोणीतरी हिब्रूत विचारले, यंदा हा कोणी केला? आजीने डावा हात उचलला आणि नातीकडे बोट केले.

"ही," ती म्हणाली. ते सगळ्यांना समजले.